अळी सरावली, असे आपण का म्हणतो?

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे एका वैदिक संमेलनासाठी आलेले तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असल्याचे आणि शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात त्यानुसार बदल व्हायला हवा असल्याचे विधान केले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी लिहून वा सांगून ठेवलेले नाही, असे त्यांचे कारण होते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून या विधानाला उत्तर दिले. वर्तमानपत्रांत लेख आले. जीवाश्मांचे दाखले दिले गेले, डीएनएमधील साम्याचे आकडे दिले गेले. ही सर्व उत्तरे बरोबरच होती.

तरीही आज मागे वळून पाहताना वाटते, की आम्ही वैज्ञानिकांनी त्या वेळी सर्वांत जवळचे उत्तर देण्याची संधी गमावली. ते विधान झाले त्याच हिवाळ्यात मराठवाड्यात आणि पलीकडे विदर्भात अनेक शेतकरी कापसाच्या उभ्या पिकात नांगर घालत होते. वरून धडधाकट दिसणारे बोंड हातात घेऊन फोडले, की आत कुजकी कवडी आणि सरकीला लागलेली शेंदरी अळी निघत होती. सुरुवातीच्या काळात ज्या बीटी कापसावर ही अळी जगत नव्हती, त्याच कापसावर आता ती पोसली जात होती. उत्क्रांती होताना कोणी पाहिली, या प्रश्नाचे उत्तर हिंगोली, परभणी, नांदेडच्या शेतकऱ्यांनी हातात धरलेले होते. फक्त त्याला उत्क्रांती म्हणतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

हा लेख मंत्रिमहोदयांवर टीका करण्यासाठी नाही. ती टीका पुरेशी झाली आहे. टीका करायची आहे ती आपल्यावर, म्हणजे विज्ञान लिहिणाऱ्यांवर, शिकवणाऱ्यांवर आणि आपण वापरत असलेल्या भाषेवर.

शेतात काय घडले?

आधी घटनाक्रम पाहू. बॅसिलस थुरिंजेन्सिस नावाचा एक जिवाणू जमिनीत आढळतो. तो काही कीटकांच्या अळ्यांना मारक ठरणारी प्रथिने तयार करतो. अशा प्रथिनाचे जनुक कापसाच्या रोपात घातले, की रोपाच्या पेशीच ते प्रथिन बनवू लागतात. हाच बीटी कापूस. भारतात त्याच्या लागवडीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००६ मध्ये अशी दोन जनुके असलेले वाण आले. शेतकऱ्यांनी हे बियाणे इतक्या वेगाने स्वीकारले, की काही वर्षांतच देशातल्या कापसाखालील क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटी झाले.

पहिल्या जनुकाला शेंदरी बोंडअळी दाद देत नसल्याचे २०१० मध्ये गुजरातमधून जाहीर झाले. पुढच्या काही वर्षांत दोन जनुकांच्या वाणावरही ती तिथे जगू लागली. २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रात तिचा उद्रेक इतका झाला, की डिसेंबरमधील नागपूर अधिवेशनात शासनाला मदत जाहीर करावी लागली. त्यानंतर कापूस सोडून सोयाबीनकडे वळलेले शेतकरी हिंगोली जिल्ह्यातही पुष्कळ दिसतात.

या सर्व काळात गावात, कृषी केंद्रावर, वर्तमानपत्रात आणि शाळेत एकच वाक्य ऐकू येत होते: ‘अळी सरावली.’

काही वर्षांपूर्वी हिंगोली जिल्ह्यातील विज्ञान शिक्षकांच्या एका मेळाव्यात मी उत्क्रांतीवर बोललो. गॅलापागोस बेटांवरचे पक्षी झाले, इंग्लंडमधले काळे-पांढरे पतंग झाले. भाषणानंतर एक शिक्षक भेटले. घरची शेती असलेले, स्वतः कापूस लावणारे. ते म्हणाले, “सर, ते पक्षी राहू द्या. आमची बोंडअळी बीटीला सरावली, ती उत्क्रांतीच का?” मी घाईत होतो. “हो, तसेच समजा,” असे म्हणून मी गाडीत बसलो. परभणी येईपर्यंत माझ्या लक्षात आले, की प्रश्न नेमका होता आणि उत्तर चुकीचे होते. घटना उत्क्रांतीचीच होती, पण अळी सरावली नव्हती. माझ्या ‘तसेच समजा’ने त्या शिक्षकांच्या मनात डार्विनच्या नावाखाली लामार्क जाऊन बसला होता.

एका क्रियापदाची गफलत

सरावणे ही एका जीवाच्या आयुष्यात घडणारी गोष्ट आहे. मूल तिखटाला सरावते, बैल जुवाला सरावतो, नवा शिक्षक वर्गातल्या गोंगाटाला सरावतो. जो सरावतो तो आधीही तोच असतो आणि नंतरही तोच असतो. मधल्या काळात त्याच्यात बदल झालेला असतो. ‘अळी सरावली’ म्हटले, की डोळ्यांपुढे असेच चित्र उभे राहते: अळीने बीटीचे बोंड खाल्ले, तिला त्रास झाला, पुन्हा खाल्ले, हळूहळू तिला ते पचू लागले आणि तिने ही ताकद आपल्या पिल्लांना दिली. मान ताणून ताणून जिराफाची मान लांब झाली, हे लामार्कचे स्पष्टीकरण आणि हे चित्र यांत काहीही फरक नाही.

प्रत्यक्षात बीटीला बळी पडणारी अळी सरावत नाही, ती मरते. बीटीचे प्रथिन अळीच्या आतड्यातील पेशींवरच्या विशिष्ट प्रथिनांना जाऊन चिकटते आणि त्या पेशी फोडते. मात्र हजारो-लाखो अळ्यांमध्ये एखादी अशी असते, की जिच्या जनुकात जन्मतःच फरक असल्यामुळे आतड्यातील त्या प्रथिनाची घडण वेगळी असते. विषाला चिकटायला जागाच मिळत नाही. ही अळी बीटी खाण्याआधीही तशीच होती आणि खाल्ल्यानंतरही तशीच राहिली. तिच्यात काहीच बदलले नाही. बदलले ते शेतातल्या अळ्यांमधील तिच्यासारख्यांचे प्रमाण. बाकीच्या मेल्या, ती उरली. पुढची पिढी उरलेल्यांची झाली.

नैसर्गिक निवडीचा सारा सिद्धान्त एवढाच आहे. एकाच जातीच्या जीवांमध्ये फरक असतात. त्यांतले काही फरक आनुवंशिक असतात. आणि त्या फरकांमुळे काही जीवांची संतती इतरांपेक्षा जास्त उरते. या तीन गोष्टी एकत्र आल्या, की पिढ्यांमागून पिढ्या समूह बदलत जातो. व्यक्ती बदलत नाही, समूहातील प्रमाण बदलते. डार्विन आणि वॉलेस यांचे निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीत १ जुलै १८५८ रोजी वाचले गेले आणि डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जनुक हा शब्दही नव्हता. तरीही त्यांच्या विचाराचा हा सांगाडा आजही तसाच उभा आहे.

‘सरावली’ला दोष देताना आम्हा वैज्ञानिकांचे शब्दही तपासले पाहिजेत. ‘किडीने प्रतिकारशक्ती विकसित केली’ असे आमच्या अहवालांत सर्रास असते. या वाक्यात कीड कर्ता आहे. जणू तिने काही ठरवून केले. शिवाय प्रतिकारशक्ती म्हटले, की वाचकाला लस आठवते, म्हणजे पुन्हा एकाच शरीरात घडणारी गोष्ट. ‘प्रतिकारक्षम अळ्यांचे प्रमाण वाढले’ हे वाक्य कदाचित कोरडे वाटेल, पण ते खरे आहे.

तसाच दुसरा घोटाळा ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीने केला आहे. मूळ इंग्रजी शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सरचा, १८६४ सालचा. डार्विनने तो आपल्या ग्रंथाच्या १८६९ च्या आवृत्तीत घेतला. त्यात बळाचा संबंध नाही, परिस्थितीला जुळण्याचा आहे. बीटीवर जगणारी अळी अधिक ताकदवान नसते. बीटी नसलेल्या शेतात तिचा तो जनुकातला फरक निरुपयोगी असतो, प्रसंगी अडचणीचाही ठरतो.

खरे तर मराठीत ‘निवड’ हा शब्द फार चांगला आहे. फक्त तो निवडणुकीकडून न घेता स्वयंपाकघरातून घ्यायला हवा. आपण तांदूळ निवडतो तेव्हा एकेक चांगला दाणा वेचून घेत नाही. खडे काढून टाकतो आणि उरतो तो तांदूळ. नैसर्गिक निवड अशीच, काढून टाकण्यातून होते. एवढेच, की तिथे सूप हाती धरणारे कोणी नसते. चाळणीचे उदाहरण आणखी नेमके. चाळणीला काही हवे-नको नसते. तिची भोके जेवढी असतात तेवढेच खाली पडते. २००२ नंतर आपण साऱ्या महाराष्ट्राच्या कापसावर एकाच आकाराच्या भोकांची चाळणी धरली होती.

विष बदल घडवत नाही, हे कशावरून?

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की अळीतला तो फरक आधीपासून होता, विषामुळे झाला नाही, हे कशावरून? हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी वर्गात असेल तर त्या वर्गाचे भाग्य समजावे.

याचे उत्तर १९५२ मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या पती-पत्नींनी जिवाणूंवर केलेल्या एका साध्या प्रयोगातून मिळाले. त्यांनी एका काचेच्या बशीत जिवाणूंच्या वसाहती वाढवल्या. मग मखमलीचा तुकडा त्या बशीवर हलकेच दाबला. मखमलीच्या लवेला प्रत्येक वसाहतीतले थोडे जिवाणू चिकटले. तोच तुकडा त्यांनी प्रतिजैविक घातलेल्या दुसऱ्या बशीवर दाबला, म्हणजे रबरी शिक्क्यासारखा पहिल्या बशीचा ठसा दुसरीवर उठला. दुसऱ्या बशीत मोजक्याच जागी जिवाणू वाढले. आता पहिल्या बशीत नेमक्या त्याच जागचे जिवाणू घेऊन पाहिले. त्यांनी आयुष्यात कधीही प्रतिजैविक पाहिलेले नव्हते, तरी ते प्रतिकारक्षम निघाले. औषधाने त्यांना तसे बनवले नव्हते. औषधाने त्यांना केवळ उघडे पाडले होते.

दुसरा प्रश्न काळाचा. उत्क्रांतीला लाखो वर्षे लागतात, मग हे पंधरा वर्षांत कसे झाले? वर्षे मोजायची नसतात, पिढ्या मोजायच्या असतात. शेंदरी बोंडअळीच्या एका हंगामात साधारण चार पिढ्या धरल्या, तरी २००२ ते २०१७ या काळात साठ पिढ्या झाल्या. माणसाच्या साठ पिढ्या म्हणजे सुमारे पंधराशे वर्षे. तेवढे मागे गेलो तर शेजारच्या वाशीमला, त्या काळच्या वत्सगुल्माला, वाकाटकांची राजधानी होती त्या काळाच्या आसपास आपण पोचतो. अळीच्या हिशोबाने आपण तिच्यावर वाकाटकांपासून आजपर्यंत एकच विष सतत वापरले. आणि तेही अशा विषाचा मारा, की ज्यातून प्रत्येक पिढीत फक्त प्रतिकारक्षम अळ्याच सुटतील.

एकशेवीस ग्रॅमची पुडी

हा सगळा शब्दांचा कीस कशासाठी, असे कोणी म्हणेल. सरावली म्हटले काय आणि प्रमाण वाढले म्हटले काय, कापूस गेला तो गेलाच. पण माझ्या मते त्या एका शब्दाचा आणि कापूस जाण्याचा संबंध आहे.

बीटीच्या ४५० ग्रॅम बियाण्याच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची एक पुडी मिळत असे. एकूण क्षेत्राच्या वीस टक्के किंवा शेताभोवती पाच ओळी, यांपैकी जे अधिक असेल तेवढे बिगर-बीटी कापूस लावावे, असा नियम होता. दुकानदार त्याला ‘रेफ्युजी’ म्हणत. मेळाव्यात भेटलेल्या त्याच शिक्षकांना मी पुढे एकदा फोनवर या पुडीबद्दल विचारले. “ती नॉन बीटीची पुडी? ती आम्ही बांधावरच फेकून देतो, सर,” ते म्हणाले. “अळीला खाऊ घालायला कोण कापूस लावतो?”

त्यांचे म्हणणे तर्काला धरूनच होते. अळी जर सरावत असेल, तर तिला बिनविषारी कापूस पुरवण्यात काय अर्थ? पण अळी निवडली जात असेल, तर त्या पुडीचा अर्थ अगदी वेगळा होतो. मेंडेलचे नियम शिकवणाऱ्या शिक्षकाला तो पाच मिनिटांत कळेल.

प्रत्येक अळीत एका जनुकाच्या दोन प्रती असतात, एक मादी पतंगाकडून आणि एक नराकडून आलेली. शेंदरी बोंडअळीत बीटीला दाद न देण्याचा गुण बहुतांशी अप्रभावी आहे. दोन्ही प्रती प्रतिकाराच्या असतील तरच अळी बीटीवर जगते. समजा, प्रतिकाराच्या प्रतीचे प्रमाण हजारात एक आहे. मग दोन्ही प्रती तशाच असण्याची शक्यता हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखांत एक. शेतात सगळीकडे बीटी असेल, तर अशा दुर्मिळ अळ्याच तेवढ्या पतंग होऊन बाहेर पडतील. त्यांना जोडीदार मिळेल तो त्यांच्यासारखाच, कारण बाकी सारे मेलेले आहेत. त्यांची सर्व संतती दुहेरी प्रतींची, म्हणजे बीटीवर जगणारी होईल.

आता बांधाला पाच ओळी बिगर-बीटी कापूस आहे असे समजा. तिथे साध्या अळ्या सुखाने वाढतील आणि त्यांचे शेकडो पतंग उडतील. बीटीतून सुटलेल्या त्या एका पतंगाला जोडीदार मिळेल तो बहुधा यांच्यातलाच. त्यांची संतती एकेरी प्रतीची होईल आणि बीटीचे बोंड खाल्ले की मरेल. अळीला खाऊ घालण्यासाठी ती पुडी नव्हतीच. बीटीतून वाचलेल्या अळीला साधा जोडीदार मिळवून देण्यासाठी होती.

याची साक्ष त्याच शेतात सापडते. बीटी कापूस मुख्यतः ज्या हिरव्या, अमेरिकन बोंडअळीसाठी आणला, तिच्यावर तो तुलनेने टिकून राहिला. कारण ही अळी तुरीवर जगते, हरभऱ्यावर घाटेअळी म्हणून जगते, आणखी कितीतरी पिकांवर जगते. तिच्यासाठी न सांगता, न पुडी देता, साऱ्या शिवारात आश्रयाचे पीक उभे होते. शेंदरी अळीचे पोट मात्र जवळजवळ कापसावरच. कापूस सगळा बीटी झाला, तेव्हा साध्या अळीला जगायला जागाच उरली नाही. एकच शेत, एकच बियाणे, दोन अळ्या आणि दोन निकाल. प्रयोगशाळेत याहून चांगली तुलना मांडता येणार नाही.

दुसरी साक्ष दूरची, अमेरिकेतील ॲरिझोना राज्याची. तिथेही हीच शेंदरी अळी आणि बीटी कापूस, १९९६ पासून. तिथल्या शेतकऱ्यांनी पहिली दहा वर्षे आश्रयाचे पीक नेमाने लावले आणि त्या काळात शेतातली अळी प्रतिकारक्षम झाली नाही. २००६ पासून तिथे वांझ केलेले पतंग सोडण्यात आले. इतर उपायही जोडीला होते. २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी नाहीशी झाल्याचे जाहीर केले. म्हणजे ज्या वर्षाच्या सुरुवातीला आपल्याकडे नांगर फिरत होते, त्याच वर्षी तिथे अळीला निरोप दिला गेला.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. आपल्याकडच्या अपयशाला पुडी फेकणे हे एकच कारण नव्हते. आपले बीटी वाण संकरित आणि बरेचसे दीर्घ मुदतीचे. कापूस डिसेंबरनंतरही फरदड म्हणून उभा ठेवला जाई, त्यामुळे अळीला जास्तीच्या पिढ्या मिळत. काही पुड्यांतले बियाणे निकृष्ट असल्याच्या तक्रारीही होत्या. पुढे बिगर-बीटी बियाणे त्याच पाकिटात मिसळून देण्याचा मार्ग स्वीकारला गेला, तोही शेतकऱ्याने पुडी लावली नाही म्हणूनच. शिवाय दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला पाचवा हिस्सा अळीसाठी सोड म्हणणे सोपे नाही. पण निदान ते का करायचे हे त्याला कळले असते, तर निर्णय त्याचा झाला असता. आपण त्याला नियम दिला, कारण दिले नाही. आणि कारण समजायला लागणारी एकमेव कल्पना नैसर्गिक निवडीची होती, जी त्याच्या मुलाला शाळेत शिकवली जात होती.

पाठ्यपुस्तकाचे काय?

आपल्या राज्य मंडळाची बाजू इथे बरी आहे, हे नमूद केले पाहिजे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने पाठ्यक्रम हलका करताना दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग काढला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या पाठाचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ उरले. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी याविरुद्ध खुले पत्र लिहिले. अकरावी-बारावीला जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलांच्या कानावर डार्विनचे नाव मग शाळेत पडणारच नाही, हा त्यांचा आक्षेप योग्य होता. शेतीकडे वळणारी बहुतेक मुले याच गटात मोडतात. महाराष्ट्राच्या २०१८ सालच्या दहावीच्या पुस्तकात मात्र दुसऱ्या भागाचा पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे.

पण त्याच पुस्तकात पुढे जैवतंत्रज्ञानाच्या पाठात बीटी कापूस येतो. पहिल्या पाठात डार्विन, पुढच्या पाठात कापूस. दोघांची गाठ घालून देण्याचे काम शिक्षकाकडे राहते. ते झाले नाही, तर उत्क्रांती म्हणजे फार पूर्वी, फार दूर, कोणा दुसऱ्यांच्या बाबतीत घडून गेलेली गोष्ट, असे मुलांच्या मनात पक्के बसते. सातवीत अनुकूलनाचा पाठ असतो. तिथे ‘वाळवंटात चालता यावे म्हणून उंटाचे पाय पसरट झाले’ अशी उत्तरे मुले लिहितात आणि आपण पूर्ण गुण देतो. या वाक्यातले ‘यावे म्हणून’ हे दोन शब्द म्हणजे ‘सरावली’चीच थोरली भावंडे. गरज होती म्हणून अवयव बदलला, असे ते सांगतात. गरज तर बीटीवर मेलेल्या प्रत्येक अळीलाही होती.

वर्गात काय करता येईल?

यासाठी साहित्य लागत नाही. शंभर चिंचोके घ्या. त्यांतल्या वीसांवर चुन्याचा ठिपका द्या. ही प्रतिकाराची प्रत. पिशवीत घालून, न पाहता, दोन-दोन काढा. प्रत्येक जोडी म्हणजे एक अळी. दोन्ही चिंचोके ठिपक्याचे असतील तर अळी जगली, नाहीतर मेली. पन्नास जोड्यांत जगणाऱ्या दोन-तीनच निघतील. त्यांच्याच प्रमाणात पुन्हा शंभर चिंचोके करा: दुसऱ्याच पिढीत सगळे ठिपक्याचे झाले. एखाद्या वेळी एकही जोडी जगणार नाही. तसे झाले तर अळीचा निर्वंश झाला असे सांगून खेळ पुन्हा मांडा.

आता हाच खेळ आश्रयाच्या पिकासह खेळा. पहिल्या दहा जोड्या बिगर-बीटीवर आहेत, त्या कशाही असल्या तरी जगतील. बाकीच्या चाळीसांना बीटीचा नियम लावा. जगलेल्या सर्वांच्या प्रमाणात पुढची पिढी करा. ठिपक्याचे चिंचोके वीसांवरून तीसांच्या आसपास जातील. चार-पाच पिढ्या खेळून मुलांना आलेख काढायला सांगा. आश्रयाचे पीक प्रतिकार थांबवत नाही, लांबवते, हे त्यांना आपोआप दिसेल. सुरुवातीला ठिपके जितके कमी तितका काळ जास्त मिळतो, हेही मुले स्वतः करून पाहतील. आणि एकही चिंचोका या साऱ्या खेळात रंग बदलत नाही, हे त्यांच्या लक्षात आणून द्या. बदलते ते फक्त पिशवीतले प्रमाण.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र शासनाने तिला २०१६ मध्ये तत्त्वतः आणि २०२३ मध्ये निधीसह मान्यता दिली. अब्जावधी वर्षांपूर्वीच्या घटनांची थरथर तिथे टिपली जाईल, याचा जिल्ह्यातल्या प्रत्येक शिक्षकाला अभिमान वाटावा. उत्क्रांती टिपायला मात्र वेधशाळा लागत नाही. ऑक्टोबरमध्ये मुलांना कापसाच्या शेतात न्या, एक डोमकळी उघडून दाखवा.

त्या वेळी कोणी म्हणाले, “सर, अळी सरावली,” तर रागावू नका, आणि माझ्यासारखे ‘तसेच समजा’ही म्हणू नका. एवढेच विचारा: “कोणती अळी? जी मेली ती, की जी उरली ती?”